टर्बो-डीसीटी गाडीला ट्यून मारायचाय? तुलना गिअरबॉक्सपासून सुरू करा

टर्बो पेट्रोल आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सची (डीसीटीची) गाडी घेऊन दोन-तीन वर्षं झाली, वॉरंटीचा शेवट दिसायला लागला, की इंदूरच्या माणसाच्या डोक्यात एकच किडा वळवळतो : स्टेज वन, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारा ट्यून, मारायचा का? मग विचारपूस सुरू होते आणि उत्तरं सगळी एकाच थाटाची मिळतात. ‘भिया, तीस घोडे बढ़ जाएंगे, गाड़ी उड़ेगी.’ घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, किती वाढणार ते जो तो सांगतो. ते घोडे ज्या क्लचमधून चाकांपर्यंत जाणार त्या क्लचचं काय होणार, हे आपणहून कोणी सांगत नाही.

माझी गाडी ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय, सात गिअरचा ड्राय क्लच (तेलात न बुडालेला) डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा डीसीटी. ट्यूनरांशी बोलून, त्यांचे आलेख समोरासमोर ठेवून, बरीच डोकेफोड करून मी ट्यून निवडला. रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतची आपली मंडळी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो आहे.

१. आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते आधी पक्कं करा

‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर भागत नाही. व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक यांच्या १.० टीएसआयमध्ये साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्याच गाड्यांच्या १.५ टीएसआयमध्ये डीएसजी. ढोबळ यादी अशी :

- पोलो जीटी टीएसआय १.२, ऑक्टेव्हिया १.८ आणि वरच्या चार गाड्यांचं १.५ टीएसआय : डीक्यू२००. सात गिअर, ड्राय क्लच, कंपनीने ठरवलेली मर्यादा २५० न्यूटन मीटर.
- ऑक्टेव्हिया आरएस २३० : डीक्यू२५०. सहा गिअर, तेलात बुडालेले म्हणजे वेट क्लच. गाडीचा मूळ टॉर्कच ३५०.
- ऑक्टेव्हिया आरएस २४५ आणि २.० टीएसआयच्या अलीकडच्या ऑक्टेव्हिया-सुपर्ब : डीक्यू३८१. सात गिअर, वेट क्लच.
- ह्युंदाई-कियाचं १.० टर्बो (१७२ न्यूटन मीटर) आणि १.५ टर्बो (२५३ न्यूटन मीटर) : सात गिअर, ड्राय क्लच.
- नेक्सॉन १.२ टर्बोचा डीसीए (टाटाचा डीसीटी) : सात गिअर, वेट क्लच.

आता १.५ टीएसआयच्या व्हर्टस जीटीचा कागद बघा. इंजिनाचा टॉर्क २५०, गिअरबॉक्सची मर्यादा २५०. म्हणजे शोरूममधून निघतानाच गाडी काठावर उभी आहे. याउलट पोलो जीटी टीएसआयचा मूळ टॉर्क १७५. तिला तोच गिअरबॉक्स असूनही ट्यूनला ऐसपैस जागा आहे.

गिअरबॉक्स इंजिनाला किती बांधून ठेवतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कंपनीनेच देऊन ठेवलं आहे. २०१६ ची सुपर्ब १.८ टीएसआय आपल्याकडे मॅन्युअल आणि डीएसजी अशी दोन्ही मिळायची. पॉवर दोन्हींची १८० पीएस. पण मॅन्युअलचा टॉर्क ३२० आणि डीएसजीचा २५०. ते ७० न्यूटन मीटर इंजिनात होतेच, डीक्यू२००ला झेपणार नाहीत म्हणून कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये अडवून ठेवले होते. ट्यूनर तुम्हाला ‘फ्री पॉवर’ म्हणून विकतो ती बऱ्याचदा हीच अडवलेली रक्कम असते. ती का अडवली होती हे त्याला विचारा.

२. विकायला काय काय असतं

पहिला प्रकार पिगीबॅक, म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. रेसचिप, जेबी४ ही त्यातली नावं. सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) यांच्या मध्ये हा डबा बसतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, आहे त्यापेक्षा कमी आहे असं ईसीयूला भासवतो, म्हणून ईसीयू बूस्ट वाढवतो. काढला की गाडी पूर्ववत. सर्व्हिसला जाताना अर्ध्या तासात काढता येतो, हेच त्याचं खरं आकर्षण.

दुसरा प्रकार तयार फाइल. एपीआर, युनिट्रॉनिक, रेवो यांच्यासारख्या कंपन्या एकेका इंजिनासाठी फाइल बनवतात आणि डीलर ती तुमच्या ईसीयूत भरतो. फाइल हजारो गाड्यांवर चाललेली असते हा फायदा. ती इंदूरचा मे महिना आणि आपलं पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नसते हा तोटा.

तिसरा कस्टम रिमॅप. ट्यूनर तुमची मूळ फाइल वाचतो, बदलतो, गाडी चालवून लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घेतो, पुन्हा बदलतो. चांगल्या हाताखाली हा सगळ्यात उत्तम, कच्च्या हाताखाली सगळ्यात महाग. ‘कस्टम’ सांगून इंटरनेटवरून विकत घेतलेली फाइल डकवून देणारेही आहेत. ओळखायची खूण सोपी : फ्लॅश केल्यावर, म्हणजे फाइल भरल्यावर, लॉग न मागता जो पैसे घेऊन निघतो, त्याने कस्टम काहीही केलेलं नाही.

३. टॉर्कचा हिशोब कोण कोणाला सांगतो, हे समजून घ्या

हा भाग जरा किचकट आहे, पण ट्यूनची निवड इथेच ठरते.

डीसीटीमध्ये दोन मेंदू असतात. इंजिनाचा ईसीयू आणि गिअरबॉक्सचा टीसीयू. इंजिन या क्षणाला किती टॉर्क देतंय याचा हिशोब ईसीयू सतत टीसीयूला कळवत असतो आणि टीसीयू त्यावरून क्लच किती जोराने दाबायचा ते ठरवतो. टॉर्क मर्यादेबाहेर गेला तर टीसीयू उलट सांगतो : कमी कर. ईसीयू मुकाट्याने थ्रॉटल किंवा टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो. म्हणून नुसता ईसीयू ट्यून केलेल्या गाड्या कधी कधी मधेच आवळल्यासारख्या वाटतात.

यातून वाट काढायचे तीन मार्ग आहेत. पहिला सरळ : टीसीयूसुद्धा ट्यून करायचा, मर्यादा वाढवायची, क्लचचा दाब वाढवायचा, गिअर बदलायचे बिंदू नव्या टॉर्कप्रमाणे बसवायचे. वेट क्लचच्या डीक्यू२५० आणि डीक्यू३८१ला हा मार्ग व्यवस्थित मानवतो.

दुसरा मार्ग लबाडीचा. ईसीयूच्या टॉर्कच्या तक्त्यांत आकडे असे फिरवायचे की प्रत्यक्ष ३२० न्यूटन मीटर असताना टीसीयूला २५०च कळावेत. टीसीयू खूश, मर्यादेची हरकत नाही, गाडी सुसाट. पण क्लचवर दाब २५०च्याच हिशोबाचा पडतो. घसरण दिसली की टीसीयू थोडा दाब आपणहून वाढवून घेतो, त्यामुळे पहिले काही महिने काही जाणवत नाही. पुढे भेरूघाटात ट्रकला ओव्हरटेक करताना आरपीएमचा काटा वर उडतो आणि वेग जागच्या जागी राहतो. पिगीबॅक बॉक्स ही लबाडी न सांगता करतो, कारण खरं काय चाललंय ते ईसीयूलाच माहीत नसतं.

तिसरा मार्ग मला पटलेला, आणि ड्राय क्लचवाल्यांनी हाच मागावा. टॉर्क फारसा वाढवायचा नाही, तो वरच्या आरपीएमपर्यंत टिकवायचा. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. ऑक्टेव्हिया १.८ मध्ये २५० न्यूटन मीटर ५,००० आरपीएमपर्यंत मिळतात आणि मग उतरतात, म्हणून १८० पीएस. तेच २५० जर ६,००० पर्यंत टिकवले तर हिशोबाने २१३ पीएस होतात, आणि क्लचला एक न्यूटन मीटरही जास्त सोसावा लागत नाही. अर्थात तेवढ्या वर टर्बोचा दम पुरायला हवा. पोलोच्या किंवा १.५ टीएसआयच्या छोट्या टर्बोकडून एवढी अपेक्षा करू नका.

असा ट्यून पहिल्या फेरीत फिका वाटतो. पाठीत धक्का बसत नाही, मित्र बाजूला बसून ‘कुछ खास नहीं’ म्हणतो. म्हणूनच विकणाऱ्यांना तो विकायला आवडत नाही. खालच्या आरपीएमला टॉर्कचा डोंगर उभा केला की गिऱ्हाईक जागेवर खूश. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात १,५०० ते २,५०० आरपीएमला भरमसाट बूस्ट म्हणजे ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा धोका. एका अशा स्फोटात पिस्टनची कड तुटू शकते. क्लच आणि पिस्टन, दोघांचाही शत्रू तोच डोंगर आहे.

टीसीयूबद्दल आणखी एक. ह्युंदाई-कियाच्या ड्राय डीसीटीसाठी भरवशाचा गिअरबॉक्स ट्यून शोधणं फोक्सवॅगन-स्कोडापेक्षा अवघड आहे. तिथे मी टॉर्क मूळच्या आसपास ठेवणाराच ईसीयू ट्यून घेईन, नाहीतर गाडी आहे तशी चालवीन.

४. फाइल कोणत्या पेट्रोलची आहे?

अमेरिकन कंपन्यांच्या फाइलींवर ९१, ९३ असे आकडे असतात. ते आपल्या पंपावरचे आकडे नव्हेत. अमेरिकेत ऑक्टेन वेगळ्या पद्धतीने मोजतात. त्यांचं ९१ म्हणजे आपल्या मापाने साधारण ९५-९६, त्यांचं ९३ म्हणजे जवळजवळ ९८. ‘९३ ची फाइल आहे, आपलं ९५ तर त्याच्याही वर’ असा हिशोब करणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

आता साधं पेट्रोल ई२० आहे. इथेनॉलमुळे नॉकला, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याला, विरोध वाढतो, ही ट्यूनच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. पण इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन फवारावं लागतं. मूळ गाडीत हे खपून जातं. ट्यून केलेल्या गाडीत इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप आधीच ताणलेले असतात, तिथे वर हे ओझं. म्हणून ट्यूनरला विचारा की फाइल ई२०वर तपासली आहे का, आणि रेल प्रेशरचा (इंजेक्टरांना मिळणाऱ्या इंधनाच्या दाबाचा) लॉग दाखव म्हणा. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांच्या रेघा वरच्या आरपीएमला फाकत असतील तर पंप कमी पडतोय.

१०० ऑक्टेनच्या फाइलीच्या मोहात पडू नका. एक्सपी १०० सारखं पेट्रोल प्रत्येक पंपावर नसतं. खांडव्याला किंवा बऱ्हाणपूरला लग्नाला गेलात आणि टाकी तळाला आली की जे मिळेल ते भरावं लागणार.

५. डायनोचे कागद समोरासमोर ठेवून वाचा

डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र. एका ट्यूनरचा मुंबईचा आलेख आणि दुसऱ्याचा परदेशातला आलेख शेजारी ठेवून केलेली तुलना निरर्थक. बघायचं ते असं :

- आकडे चाकावरचे आहेत की इंजिनाचे? चाकावरचे नेहमी कमी दिसतात.
- ट्यूनच्या आधीचा आलेख त्याच डायनोवर, त्याच दिवशी घेतलेला आहे का? नसेल तर ‘एवढे वाढले’ या दाव्याला आधार नाही.
- करेक्शन, म्हणजे हवामान धरून आकड्यांत केलेली दुरुस्ती, कोणतं लावलंय? इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, हवा थोडी विरळ. हवेच्या दाबाचं करेक्शन मुळात बिनटर्बोच्या इंजिनांसाठी आहे. टर्बो गाडी विरळ हवेची भरपाई बरीचशी स्वतःच करते, वर करेक्शन लावलं की आकडे फुगतात.
- हवेचं तापमान लिहिलंय का? इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापला की ईसीयू टायमिंग मागे घेतो. जानेवारीतल्या सकाळचा आलेख ४२ अंशांच्या दुपारी मिळणार नाही.

सगळ्यात वरचा आकडा सोडून टॉर्कच्या रेघेचा आकार बघा. २,००० ला सुळका आणि ४,५०० नंतर घसरगुंडी असेल तर तो ट्यून फेरफटक्यात खूश करण्यासाठी बनवलाय. लांब सपाट रेघ असेल तर बनवणाऱ्याने गिअरबॉक्सचा विचार केलाय. स्टेज वनने वीस ते तीस टक्के वाढ हा सर्वसाधारण पल्ला आहे. त्याच्या बराच वरचा दावा दिसला तर पहिला प्रश्न क्लचचा विचारा.

६. पैसे देण्याआधी : आरटीओ, विमा, वॉरंटी

हे कोणालाच वाचायचं नसतं, पण वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. नव्या आरसी कार्डावर हॉर्सपॉवर छापलेली असते, हे लक्षात घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही म्हणून चौकात कोणी पकडत नाही, एवढंच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवून लावलेला डाउनपाइप मात्र दिसतो, वासही येतो आणि पीयूसीत अडतो. म्हणून स्टेज टू, म्हणजे असे भाग बदलून केलेला ट्यून, या लेखात घेतलेलाच नाही.

विमा कंपनीला बदल न कळवता क्लेम केला तर तो नाकारायला त्यांच्या हाती आयतं कारण मिळतं. वॉरंटीचं तर बोलायलाच नको. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत बदललेलं सॉफ्टवेअर सर्व्हिस सेंटरच्या मशीनला सापडलं की गाडीच्या नावावर टीडी१ असा शिक्का पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी बंद होते. मूळ फाइल परत भरली तरी किती वेळा फ्लॅश झालं याची मोजणी ईसीयूत राहते. मेकाट्रॉनिक (गिअर आणि क्लच हलवणारा गिअरबॉक्सचा भाग) बिघडला तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. डीक्यू२००वाल्यांनी वॉरंटी संपेपर्यंत थांबावं हे माझं स्पष्ट मत आहे.

७. हाताशी काय ठेवायचं

- आरसी, विम्याची पॉलिसी, चालू पीयूसी आणि आजवरच्या सर्व्हिसचे जॉब कार्ड. गिअरबॉक्सचं आधी काय काम झालंय ते यात सापडतं.
- व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा डेटा वाचणारे स्कॅनर. ह्युंदाई-कियासाठी लाइव्ह डेटा दाखवणारा एखादा चांगला स्कॅनर.
- ईसीयू आणि टीसीयूच्या सॉफ्टवेअर नंबरचा स्क्रीनशॉट आणि फॉल्ट कोडचा पूर्ण स्कॅन, ट्यूनच्या आधीचा.
- नवे स्पार्क प्लग. ट्यूनर थंड हीट रेंजचे सांगेल. गॅप किती ठेवायची तेही त्याच्याकडूनच लिहून घ्या.
- एपीआय एसपी दर्जाचं ऑइल, पण तुमच्या कंपनीच्या मान्यतेचंच. लवकर पेट घेण्याच्या त्या प्रकाराची चाचणी या दर्जात धरलेली आहे.
- ट्यूनरकडून लेखी : मूळ फाइलची प्रत मिळेल, पुढची दुरुस्ती किती दिवस मोफत, आणि सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट करून ट्यून पुसला तर पुन्हा भरण्याचे किती पैसे.

८. ट्यूनच्या आधी गाडीची तब्येत

आठवडाभर आधी, गाडी मूळ स्थितीत असतानाच लॉग घ्या. इंजिनाचा आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आरपीएम शेजारी ठेवा. गिअर पूर्ण लागलेला असताना, थ्रॉटल पूर्ण दाबलेला असताना, दोन्ही आकडे जुळायला हवेत. मूळ टॉर्कलाच फरक दिसत असेल तर क्लच संपत आलाय. ट्यूनचे पैसे क्लचला लावा. राजवाडा, सराफा, जेल रोड भागात रोज रांगत चालणाऱ्या गाड्यांचे ड्राय क्लच तर हमखास तपासा. अर्धा दाबलेला ब्रेक आणि मुंगीच्या पावलाने पुढे सरकणं, यात ड्राय क्लच सगळ्यात जास्त झिजतो.

हे लॉग सुपर कॉरिडॉरवर रात्री घ्यायला जाऊ नका. तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइन गाठेपर्यंत शहराची वेगमर्यादा केव्हाच मागे पडते. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, पण तिथे तुमच्या-माझ्यासाठी फाटक उघडं नसतं. डायनोवर पैसे घाला.

९. फ्लॅशचा दिवस

बाहेरगावचे ट्यूनर चार-पाच गाड्या जमल्या की इंदूरला येतात, देवास नाक्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये टेबल टाकतात आणि घाईत असतात. तुम्ही घाई करू नका. फ्लॅश चालू असताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय लावलेला असलाच पाहिजे. साध्या चार्जरवर किंवा नुसत्या बॅटरीवर काम करत असेल तर थांबवा. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरू शकतो. एसी, दिवे, स्टिरिओ बंद. काही नव्या गाड्यांचा ईसीयू लॉक असतो, तो काढून टेबलावर उघडावा लागतो. तसं असेल तर आधी विचारून घ्या, सील फुटल्याची खूण राहते.

पिगीबॅक लावणार असाल तर वायरिंग एक्झॉस्टपासून दूर बांधलंय का ते बॉनेट उघडून स्वतः बघा.

टीसीयू फ्लॅश झाला असेल तर क्लच अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते टीसीयूला नव्याने शिकवणं, करूनच गाडी ताब्यात घ्या. ते गिअरबॉक्स ठरावीक तापमानाला असतानाच होतं, म्हणून ट्यूनर ‘चलाते चलाते हो जाएगा’ म्हणून टाळतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के येत राहिले की कारण बहुधा हेच.

१०. पहिला महिना आणि पुढे

लॉग पुन्हा घ्या, तेच आकडे, त्याच पद्धतीने. प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे जातंय ते बघा. एखाद्या सिलिंडरला क्षणभर दोन-तीन अंश चालतात. सगळ्यांना सतत चार-पाचच्या पुढे जात असेल तर फाइल आपल्या पेट्रोलला जड आहे, ट्यूनरला परत पाठवा. क्लचच्या शाफ्टची रेघ इंजिनाच्या रेघेपासून सुटत असेल तर त्याच दिवशी मूळ फाइल भरून घ्या. जमलं तर एक लॉग मे महिन्यात, भर दुपारी.

ऑइल १५,०००ऐवजी ७,५०० किलोमीटरला बदला. डीक्यू२५०ला गिअर ऑइल आणि फिल्टर ६०,०००ला ठरलेलं आहे, ट्यूननंतर ४०,०००ला करा. लाँच कंट्रोल (आरपीएम चढवून जागेवरून झेप घेण्याची सोय) ड्राय क्लचवर विसरूनच जा. सर्व्हिसला टाकताना जॉब कार्डवर ‘विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर अपडेट करू नये’ असं लिहून सही घ्या.

गाडी विकायची वेळ आली तर मूळ फाइल भरून द्या आणि ट्यून होता हे घेणाऱ्याला सांगा. ट्यूनच्या आधीचे आणि नंतरचे लॉग त्याच्या हातात ठेवलेत तर भाव पाडायला निघालेला माणूसही जरा सबुरीने बोलतो.